बीला दिलेला शब्द

वर्षातला सगळ्यात लहान दिवस सरला की मी बियांचा डबा खाली काढते. त्या दिवशी बाहेर काहीच बदललेलं नसतं. खरा कडाका तर पुढेच असतो. दिवस वाढायला लागले तरी जमीन आणि पाणी सावकाश निवत राहतात, म्हणून सगळ्यात गार रात्री या लहान दिवसानंतर काही आठवड्यांनी येतात. वाफे उघडेबोडके पडलेले असतात, सकाळी मातीवर कडक पापुद्रा धरलेला असतो. तरीही डबा काढायचा, पाकिटं जमिनीवर मांडायची आणि दिवस उलटे मोजायला बसायचं, हे माझं ठरलेलं आहे.

उलटे म्हणजे, गोठवणारं दंव पडायचं थांबतं त्या सुमारापासून मागे. कांद्याची बी सगळ्यांच्या आधी टाकायची. मिरचीला आठ-दहा आठवडे द्यायचे, वांग्यालाही जवळपास तेवढेच, टोमॅटोला सहा ते आठ. काकडी आणि भोपळ्याला जेमतेम तीन-चार पुरतात. त्यांना फार आधी लावलं तर मुळं कुंडीत गुंडाळली जातात आणि जमिनीत गेल्यावरही रोप अवघडल्यासारखंच राहतं.

डब्याच्या तळाशी एक खाकी पाकीट आहे. त्यावर आत्याच्या अक्षरात लिहिलंय, ‘मिरची. पहिल्या झाडाची.’ आत्या दरवर्षी सगळ्यात आधी आणि सगळ्यात भरभरून लागणारं झाड हेरून त्याला लाल दोरा बांधायची आणि त्याच्या दोन-तीन मिरच्या पार पिकून सुरकुतेपर्यंत झाडावरच ठेवायची. त्या पाकिटाला आता सहा वर्षं झाली. आत्या गेली त्यालाही पाच होतील. दर हिवाळ्यात मी ते पाकीट हातात घेत होते आणि परत ठेवून देत होते. यंदा ठेवलं नाही. पण ते पुढे सांगते.

माझं काचघर म्हणजे फार काही नाही. दिवसभर ऊन खाणाऱ्या एका भिंतीला टेकवून जुन्या खिडक्यांची तावदानं बसवली आहेत, वर जाड प्लॅस्टिकचा कागद ताणलाय. लांबी चार हात, रुंदी दोन हात. आत दोन फळ्या, एक तापमापक, कोपऱ्यात पाण्याचे कॅन. मी वाकून आत शिरते आणि दार ओढून घेते, की पहिल्यांदा वास येतो. ओल्या मातीचा, कोकोपीटचा, थोडासा गांडूळखताचा. भर हिवाळ्यात हा वास नाकात गेला की माझे खांदे आपोआप सैल होतात.

काचघर का तापतं, याचं उत्तर मी बरीच वर्षं अर्धवटच धरून होते. ऊन काचेतून आत येतं आणि उष्णतेचे किरण काच बाहेर सोडत नाही, एवढंच शिकले होते. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1909 साली दोन छोट्या पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर खनिज मिठाची पारदर्शक तबकडी. उष्णतेचे किरण मिठातून आरपार जातात, काचेतून जात नाहीत. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या, 55 अंशांच्या आसपास. म्हणजे काचघराची मुख्य किमया अशी की तापलेल्या हवेला निघून जायला वाट राहत नाही. हे वाचलं आणि मी दुसऱ्याच दिवशी उदबत्ती घेऊन आत गेले. जिथे जिथे धूर थरथरला तिथे तिथे फट होती. त्या फटी सुतळी आणि मातीने बुजवल्या आणि त्या हिवाळ्यात जो फरक पडला तो आधीच्या तीन वर्षांच्या सगळ्या खटाटोपाने पडला नव्हता.

रात्रीचं गणित मात्र वेगळं. ढगाळ रात्री काचघर ऊब धरून ठेवतं. आभाळ निरभ्र असेल तर पातळ प्लॅस्टिकमधून उष्णता थेट आभाळात निघून जाते आणि पहाटे आतला पारा बाहेरच्याइतकाच खाली आलेला दिसतो. चांदणं स्वच्छ पडलं की मला आनंद व्हायचा. आता आधी रोपं आठवतात. म्हणून ते पाण्याचे कॅन. काळे रंगवलेले, दिवसा ऊन पिणारे. वीस लिटर पाणी रात्रभरात दहा अंशांनी निवलं तर त्यातून पाव युनिट विजेपेक्षा किंचित कमी एवढी उष्णता बाहेर पडते. फार नाही, पण दंव गोठण्याच्या अलीकडे आणि पलीकडे यांत कधीकधी एवढंच अंतर असतं.

बी म्हणजे झोपलेलं झाड, असं आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. झोपलेल्याला बाहेरचं कळत नसतं; बी सतत कानोसा घेत असते. ओल आहे का, आणि आहे तर टिकणारी आहे का. ऊब किती. मी जमिनीत किती खोल आहे. माझ्या डोक्यावर आधीच कुणी झाड उभं आहे का. सफरचंदाची बी तर ओल आणि ऊब दोन्ही मिळाली तरी उगवत नाही. आधी कित्येक आठवडे तिला ओलसर गारवा हवा असतो, हिवाळा खरोखर होऊन गेला याची खात्री हवी असते. सॅलडच्या पानांची, म्हणजे लेट्यूसची बी उजेड बघते. 1952 मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी या बियांवर आलटून पालटून दोन प्रकारचा प्रकाश सोडला. लाल प्रकाश पडला की बी उगवायची, त्या पलीकडचा अतिलाल प्रकाश पडला की थांबायची. किती वेळा बदललं याला महत्त्व नव्हतं. शेवटचा प्रकाश कोणता होता तेवढंच बी धरून ठेवायची. उघड्या उन्हात लाल भरपूर असतो. झाडाच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात तो उरत नाही, अतिलाल उरतो. मोहरीएवढीसुद्धा नसलेली ती बी वर सावली आहे की मोकळं आभाळ, हे असं ओळखते. तेव्हापासून लेट्यूसच्या बीवर मी माती टाकत नाही, नुसती दाबून बसवते.

इतकी चौकशी करणाऱ्या बीला आपण भर थंडीत, ट्रेखाली ठेवायच्या विजेवर तापणाऱ्या गादीवर ठेवतो, पाणी देतो, वर दिवा लावतो. म्हणजे तिच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. थंडी सरली, ये. बाहेर तर अजून दंव पडतंय. हे खोटं आहे का? कित्येक हिवाळे मी या प्रश्नापाशी येऊन थांबले आहे. मला वाटतं, आपण पुढे काय करतो त्यावर ते ठरतं. वसंत येईपर्यंत जर आपण त्या रोपापुरता वसंत टिकवून धरला, तर बीला खोटं सांगितलं असं होत नाही. आपण तिला शब्द दिला आणि पाळला.

आणि हा शब्द कुठल्या क्षणी पक्का होतो हेही ठरलेलं आहे. बी पाणी पिते, फुगते, आत हालचाल सुरू होते. इथवर तिला परत फिरता येतं. फुगलेली बी पुन्हा सुकवली तरी बहुतेक भाज्यांच्या बाबतीत ती जगते. बियाणं तयार करणारे लोक मुद्दाम तसं करतात, म्हणजे पुढे ती लवकर आणि एकदम उगवते. पण एकदा मुळाचं टोक साल फोडून बाहेर आलं की सुकणं सोसायची तिची ताकद संपते. त्यानंतर एका दुपारी ट्रे कोरडा पडला तर तेवढंच पुरतं. दोन मिलिमीटरचं ते पांढरं टोक दिसलं की मी आता सुट्टीचा विचारही करत नाही.

उबेचं म्हणाल तर आकडे बघा. टोमॅटोची बी 25 अंशांना साधारण सहा दिवसांत उगवते. 15 अंशांना दोन आठवडे लागतात. 10 अंशांना सहा आठवडे, तेही कुजली नाही तर. आणि हे मातीचं तापमान आहे, खोलीचं नाही. ओल्या मातीतून सतत वाफ निघत असते, म्हणून ट्रेमधली माती खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी गार असू शकते. खिडकीच्या कट्ट्यावर तर त्याहून. मी तापमापकाचं टोक मातीत खुपसून बघायला लागले तेव्हा कुठे हे लक्षात आलं.

पहिल्या वर्षी सगळं नीट झालं होतं, म्हणून दुसऱ्या वर्षी मी जास्त लावलं. टोमॅटोचे तीन ट्रे. उगवण सुरेख झाली. संध्याकाळी मी त्यांना पाणी घालायचे, रात्री गार लागू नये म्हणून वरून प्लॅस्टिक झाकायचे, सकाळी त्या प्लॅस्टिकच्या आतून टपोरे थेंब लोंबत असायचे. ते थेंब बघून मला बरं वाटायचं. नवव्या दिवशी सकाळी प्लॅस्टिक उचललं तर एका कोपऱ्यातली दहा-बारा रोपं आडवी. वरची दोन्ही दळं, म्हणजे बीतून निघालेली पहिली दोन पानं, हिरवीगार, टवटवीत. मी एक रोप चिमटीत धरून उन्हाकडे केलं. मातीला लागून, जेमतेम भाताच्या दाण्याएवढ्या लांबीत, खोड पाणी भरल्यासारखं तपकिरी आणि दोऱ्यासारखं बारीक झालं होतं. बाकी सगळं रोप निरोगी. जिथे वरचं आणि खालचं जोडलेलं असतं तेवढीच जागा गेली होती. दुसऱ्या दिवशी अर्धा ट्रे, तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूचे ट्रे.

याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशी किंवा बुरशीसारख्या जिवांचं हे काम. औषधं आहेत, पण माझा अनुभव असा की ओल, कोंडलेली हवा आणि गर्दी या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या की त्यांना फारसा वाव राहत नाही. आता मी ट्रे दरवर्षी घासून, उन्हात वाळवून घेते. जुनी माती रोपांसाठी वापरत नाही. पाणी सकाळी, आणि वरून झारीने नाही: ट्रे पाण्याच्या थाळीत ठेवायचा, खालून माती शोषून घेते, वरचा थर काळपट झाला की उचलायचा. कोंब दिसताच झाकण काढायचं. एक छोटा पंखा मंद फिरता ठेवायचा. विरळणी वेळेवर करायची, ती करताना जीव तुटतो तरी करायची. कात्रीने वरून कापायचं, उपटायचं नाही, शेजारच्याची मुळं दुखावतात. त्या वर्षीच्या तीन ट्रेमधली चार रोपं वाचली. त्यांना मी जमिनीत लावलं, पण त्यांच्याकडे बघताना मला बाकीचीच दिसायची. थेंब बघून बरं वाटलं होतं ना, ते आठवायचं.

पुढच्या वर्षी दुसरी चूक. ऊब भरपूर, उजेड कमी. रोपं आठवड्यात वीतभर झाली, किडकिडीत, फिकट, सगळी खिडकीच्या बाजूला झुकलेली. उजेड पुरत नाही असं वाटलं की रोप सगळी पुंजी उंचीला लावतं, वर पोचलो की ऊन मिळेल या हिशेबाने. ऊब त्या धावण्याला आणखी जोर देते. म्हणून उगवण झाली की ट्रे गरम गादीवरून खाली काढायचा, 18 अंशांच्या आसपास ठेवायचा आणि दिवा चार बोटांवर आणायचा, दिवसाचे चौदा तास तरी. दिवस दहा तासांपेक्षा लहान असतात तोवर बाहेरच्या उजेडावर अवलंबून राहून रोपं जगतात, वाढत नाहीत.

त्याच सुमाराला कुठेतरी वाचलं की रोपांवरून रोज हात फिरवला तर ती बुटकी आणि खोडाला भक्कम होतात. आधी विश्वास बसला नाही. पण झाडांच्या शरीरशास्त्रात हे नीट अभ्यासलं गेलंय. स्पर्शाला, वाऱ्याला झाड वाढीची पद्धत बदलून उत्तर देतं. उघड्यावर वारा हे काम करतो. काचघरात वारा नाही, तेव्हा तो आपल्या हाताने द्यायचा. दिवसातून दोनदा, शेंड्यांना तळवा जेमतेम लागेल असा, इकडून तिकडे आणि परत. टोमॅटोच्या रोपांवरून असा हात फिरवला की तळहाताला हिरवा, तिखट वास येतो आणि तो साबणाने धुतला तरी रेंगाळतो. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतो तसंच वाटतं ते, आणि रोपाच्या लेखी तो वारा असतो. पुढे बाहेर न्यायच्या वेळी त्याचा उपयोग होतो. बाहेर नेतानाही एकदम नाही: पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग दोन तास, मग कोवळं ऊन, असं आठ-दहा दिवस.

काचेच्या आतलं हे जग किती काळ टिकू शकतं? लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी 1829 साली एका बाटलीत ओलसर माती घालून त्यात पतंगाचा कोष ठेवला आणि झाकण लावलं. कोषापेक्षा त्यांचं लक्ष वेधून घेतलं मातीतून आपणहून उगवलेल्या एका नेच्याने आणि गवताच्या काडीने. शहराच्या धुराने त्यांच्या बागेतले नेचे मरत होते. बाटलीतला मात्र दिवसा वाफ सोडत होता, रात्री तेच पाणी परत पीत होता. जवळपास चार वर्षं ती दोन्ही झाडं तशी जगली. त्यावरून त्यांनी बंद काचपेट्या बनवल्या आणि 1833 मध्ये झाडांनी भरलेल्या दोन पेट्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला जिवंत पोचल्या. पुढे चीनमधून भारतात चहाची रोपं आली ती अशाच पेट्यांमधून. मला त्या बाटलीचा शेवट विसरता येत नाही. वॉर्ड बाहेरगावी असताना झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत गेलं आणि दोन्ही झाडं मेली.

आता आत्याचं पाकीट.

मिरचीची बी साध्या घरगुती ठेवणीत दोन-चार वर्षं चांगली उगवते. हे पाकीट पहिली दोन वर्षं आत्याच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर होतं, शेगडीच्या वर, वाफेत आणि उबेत. बियांच्या दृष्टीने याहून वाईट जागा नाही. ठेवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं किंवा बीतली ओल एक टक्क्याने घटवली तर तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. उलट्या बाजूने तो तितकाच खरा. म्हणून मी दरवर्षी पाकीट परत ठेवायचे. पेरल्या आणि उगवल्या नाहीत तर? न पेरलेल्या बियांबद्दल निदान काही ठरलेलं नसतं.

विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाबद्दल वाचलं आणि माझं हे म्हणणं मलाच टिकेना. 1879 साली त्यांनी मिशिगनमध्ये वीस बाटल्यांत वाळू आणि रानझाडांच्या बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि बिया पेरून बघायच्या. ते काम त्यांच्यामागून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. 2021 मध्ये एक बाटली काढली, तीही रात्रीच्या अंधारात, बाकीच्या बियांना उजेड लागू नये म्हणून. 142 वर्षं पुरलेल्या त्या बियांपैकी काही उगवल्या. पुढची बाटली 2040 मध्ये. हे वाचताना माझ्या मनात आलं की त्या बिया टिकल्या खऱ्या, पण कुणीतरी ठरल्या दिवशी जाऊन खणत राहिलं म्हणून ते कळलं. माझ्या डब्यातल्या बिया दर हिवाळ्याला कमी होत होत्या, न मोजता.

पाकिटात एकवीस बिया निघाल्या. त्यातल्या दहा रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या आणि सकाळी लावल्या. गादी 27 अंशांवर. नवी बी आठ-दहा दिवसांत वर येते. दहा दिवस गेले, पंधरा गेले. रोज पहाटे मी टॉर्च घेऊन जायचे, मातीवर आडवा झोत टाकायचे. आडव्या उजेडात बारीकशी उकरसुद्धा सावलीने दिसते. वीस दिवस झाले तेव्हा बहीण फोनवर म्हणाली, “अगं, राहू दे आता. ट्रे दुसऱ्या कशाला वापर.” मी हो म्हटलं आणि गादी चालूच ठेवली.

सव्विसाव्या दिवशी एका कप्प्यात माती राईएवढी उचलली गेली होती. दुपारपर्यंत फिकट पांढरी कमान दिसायला लागली. कोंब सरळ वर येत नाही, वाकून पाठीने माती सारत येतो आणि शेंडा मागून ओढून घेतो, म्हणजे नाजूक भाग घासला जात नाही. संध्याकाळी कमान उलगडली, पण बीचं साल दोन्ही दळांच्या टोकांवर टोपीसारखं घट्ट अडकून बसलं होतं. म्हाताऱ्या बियांचं असं होतं, साल ढकलायला जोर पुरत नाही. नखाने ओढलं तर दळं तुटतात. मी करंगळीवर पाण्याचा एक थेंब घेऊन सालावर टेकवला, आणि तासाभराने पुन्हा एक. रात्री झोपायच्या आधी तिसरा. सकाळी साल मातीवर पडलेलं होतं आणि दोन अरुंद, टोकदार दळं आडवी पसरली होती.

त्याच आठवड्यात वर्षातली सगळ्यात गार रात्र आली. आभाळ काचेसारखं स्वच्छ. काचघरातल्या बाकीच्या ट्रेंवर मी जुनी चादर टाकली, कॅनमध्ये गरम पाणी भरलं, आणि तो एक कप्पा कापून घरात आणून उशाशी ठेवला. पहाटे काचघरात पारा दोन अंशांवर होता. सगळी वाचली.

आज तिला पहिलं खरं पान फुटतंय, दळांपेक्षा गडद. बाकीच्या नऊ कप्प्यांची माती काल चाळून बघितली, काही उरलं नव्हतं. मग पाकीट घेतलं आणि आत्याच्या अक्षराखाली पेन्सिलीने लिहिलं: ‘10 लावल्या, 1 उगवली. 11 शिल्लक.’ लाल दोरा शिवणाच्या डब्यात आहे, बघून ठेवलाय.